खोडकरांची सिस्टीम

२०१७च्या नोव्हेंबरात एका लिनक्स अ‍ॅडमिनच्या काही स्वयंचलित चाचण्या नेमक्या रात्री साडेबाराला नापास होत होत्या. बाराला ठीक, एकला ठीक, साडेबाराला गडबड. शोध घेतल्यावर गुन्हेगार निघाली ‘मॅन’ नावाची कमांड. हिचं काम फक्त मॅन्युअल दाखवायचं. अत्यंत सज्जन, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण रात्री बारा वाजून तीस मिनिटांनी तिला काहीच न विचारता नुसती हाक मारली, तर ती ‘गिमी गिमी गिमी’ असं पुटपुटायची. स्वीडनच्या ‘अ‍ॅबा’ या बँडचं १९७९ सालचं एक गाणं आहे. त्याच्या नावात हे तीन शब्द आहेत आणि मध्यरात्र उलटल्यावर एक ‘मॅन’ हवा अशी मागणीही आहे. कमांड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमरने २०११ साली मित्राच्या सांगण्यावरून ही खोडी आत घालून ठेवली होती. सहा वर्षं ती जगभरच्या सर्व्हरांत गुपचूप नांदली. पकडली गेली, तेव्हा त्याने ती काढून टाकली. वाईट झालं.

हे सांगायचं कारण असं की १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. घरोघरी धडधाकट लॅपटॉप एका दिवसात ‘जुने’ झाले आणि ‘लिनक्स टाकून बघू का?’ हा प्रश्न पुन्हा फिरू लागला. पुढचा प्रश्न ठरलेला: कुठलं लिनक्स? प्रकार शेकडो, तुलनेचे तक्ते त्याहून जास्त आणि प्रत्येक तक्त्याखाली भांडण. माझा सल्ला, तक्ते बाजूला ठेवा आणि खोड्या बघा. या सिस्टीम्स ज्यांनी घडवल्या, त्यांनी कशाला काय नाव ठेवलं, कशाची थट्टा केली, कुठला प्राणी बोधचिन्ह म्हणून निवडला, यावरून त्या सिस्टीमचा स्वभाव बऱ्यापैकी कळतो.

बायको गेली सासरी

सगळ्याचा मूळपुरुष युनिक्स. साल १९६९, ठिकाण अमेरिकेतल्या न्यू जर्सीची बेल लॅब्ज. ‘मल्टिक्स’ नावाच्या अवाढव्य प्रकल्पातून बेल लॅब्जने अंग काढून घेतलं होतं. केन थॉम्प्सन हाताशी आलेल्या एका जुनाट पीडीपी-७ यंत्रावर स्वतः लिहिलेला ‘स्पेस ट्रॅव्हल’ हा खेळ खेळत होता. खेळता खेळता आपलीच ऑपरेटिंग सिस्टीम लिहायची कल्पना त्याच्या डोक्यात घोळू लागली. तेवढ्यात बायको छोट्या मुलाला घेऊन तीन आठवड्यांसाठी कॅलिफोर्नियाला गेली. आपल्याकडे अशा वेळी बायको माहेरी जाते, ही सासरी गेली होती. थॉम्प्सनने तीन आठवड्यांत एडिटर, असेंबलर आणि कर्नलचा, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचा, उरलेला भाग असं सगळं उरकलं. आणि ‘मल्टि’ची टर उडवायला नाव पडलं ‘युनि’वालं.

बेल लॅब्जची मालक एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी. १९५६च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे तिला टेलिफोनबाहेरचा धंदा करायला मनाई होती, त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना नाममात्र पैशात मिळायचं, तेही सोर्स कोडसकट. बर्कलीच्या पोरांनी त्यावर भरपूर प्रयोग केले आणि बीएसडी हा घराण्याचा पहिला फाटा निघाला. पुढे कंपनीची बंधनं सैल झाली आणि किमती चढल्या. तेव्हा एमआयटीतल्या रिचर्ड स्टॉलमनने २७ सप्टेंबर १९८३ रोजी जाहीर केलं की आपण सगळ्यांसाठी खुली, युनिक्ससारखी सिस्टीम नव्याने लिहिणार. नाव ‘ग्नू’, म्हणजे ‘ग्नू हे युनिक्स नव्हे’. त्यातलं ग्नू म्हणजे काय, तर पुन्हा ‘ग्नू हे युनिक्स नव्हे’. हे नाव पूर्ण उलगडून सांगायला बसलेला माणूस अजून उठलेला नाही.

ग्नूकडे सगळं होतं, फक्त चालणारा कर्नल नव्हता. तो आला हेलसिंकीहून. २५ ऑगस्ट १९९१ला लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं की मी हौसेखातर एक सिस्टीम लिहितोय, ग्नूसारखं मोठं काही नाही. (तेव्हाच्या दहा हजारांच्या आसपास ओळी आज ४ कोटींच्या घरात आहेत. हौस.) स्वतःचं नाव द्यायला त्याला संकोच वाटला म्हणून त्याने ‘फ्रीक्स’ असं नाव योजलं होतं. पण फाइली सर्व्हरवर चढवणाऱ्या आरी लेम्के या मित्राला ते अजिबात पटलं नाही. त्याने फोल्डरला परस्पर ‘लिनक्स’ नाव दिलं. बारसं झालं ते असं. स्वित्झर्लंडमध्ये याच नावाची कपडे धुण्याची पावडरही मिळायची, तिचा या गोष्टीशी काही संबंध नाही.

पेंग्विन का? ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या प्राणिसंग्रहालयात लिनसला एका छोट्या पेंग्विनने टोचा मारला, असं तो सांगतो. चित्र १९९६ साली लॅरी ईविंगने काढलं. भरपेट मासे खाऊन तृप्त बसलेला हा पक्षी बघून कुणाला भीती वाटावी असं काही त्यात नाही. तरी लोक लिनक्सला घाबरतात.

उसळ एक, तर्री वेगवेगळी

लिनक्स हा फक्त कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांच्यामधला मध्यस्थ. त्याच्याभोवती खिडक्या, मेनू, फॉन्ट, सॉफ्टवेअर चढवण्या-उतरवण्याची सोय असं सगळं रचून जो पूर्ण संच मिळतो, त्याला म्हणायचं डिस्ट्रो. मिसळीसारखं आहे. खालची उसळ सगळीकडे साधारण तीच, पण कोल्हापूरची तर्री, पुण्याचे पोहे आणि नाशिकचा पापड यांवर माणसं हातघाईवर येतात. म्हणून निवडताना घाम फुटायचं कारण नाही. एका डिस्ट्रोवर शिकलेलं नव्वद टक्के दुसरीकडे चालतं.

डेबियनपासून सुरुवात करू, कारण त्याची पोरंबाळं सगळीकडे आहेत. इयान मर्डॉकने १६ ऑगस्ट १९९३ला घोषणा केली आणि मैत्रिणीचं ‘डेब्रा’ व स्वतःचं ‘इयान’ जोडून नाव ठेवलं. पुढे प्रकल्पाची धुरा ब्रूस पेरेन्सकडे गेली. तो पिक्सार या अ‍ॅनिमेशन कंपनीत नोकरीला होता, तेव्हा आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांची नावं पडू लागली: बझ, रेक्स, वूडी, अगदी पोटॅटोसुद्धा. २०२३ची आवृत्ती बुकवर्म, २०२५ची ट्रिक्सी. आणि जिथे नवं, कच्चं, कधीही कोसळेल असं सॉफ्टवेअर येऊन पडतं, त्या कायमच्या ‘अस्थिर’ शाखेचं नाव सिड. सिड म्हणजे सिनेमातला शेजारचा तो कार्टा, खेळणी मोडणारा. याहून स्पष्ट सूचना मॅन्युअलच्या शंभर पानांतही मिळणार नाही: स्थिर डेबियन घ्या, सिडच्या वाटेला जाऊ नका.

विषय निघालाच आहे तर पिक्सारमधला किस्सा सांगायलाच हवा. १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’चं काम चालू असताना कुणीतरी सिनेमाच्या सर्व्हरवर ‘आरएम’ ही फाइली पुसणारी कमांड चुकीच्या जागी चालवली. ओरेन जेकब आणि मंडळी वूडीचं फोल्डर बघत बसली होती. बघता बघता त्यातल्या फाइली कमी व्हायला लागल्या. फोनाफोनी झाली, मशिनची वायर ओढा म्हणून ओरडा झाला, तोवर सुमारे नव्वद टक्के सिनेमा साफ. बॅकअप काढायला गेले तर तोही नीट होत नव्हता. वाचवलं गॅलिन सुसमन यांनी. घरात नवजात बाळ असल्यामुळे त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या मशिनवर सिनेमाची प्रत होती. ते मशिन गोधड्यांत गुंडाळून गाडीतून स्टुडिओत आणलं गेलं. आता खरी गंमत: एवढं वाचवलेल्या त्या सिनेमाची कथा नंतर स्टुडिओलाच पसंत पडली नाही आणि मोठा भाग पुन्हा नव्याने केला गेला.

‘आरएम’ विचारत नाही. कचरापेटी नाही, ‘नक्की का?’ नाही. ग्नूच्या आरएमने २००६पासून एवढी दया दाखवली आहे की अख्खी डिस्कच पुसायला सांगितली तर मुद्दाम हट्ट धरल्याशिवाय ती ऐकत नाही. बाकी फाइली तुमच्या जबाबदारीवर.

कॅलेंडर, पोरींची नावं आणि आजोबांची टोपी

उबुंटू हे डेबियनचंच अपत्य, जन्म ऑक्टोबर २००४. पैसा मार्क शटलवर्थचा. दक्षिण आफ्रिकेचा हा उद्योजक २००२ साली स्वखर्चाने अंतराळात जाऊन आला होता, जगातला दुसरा अंतराळ पर्यटक. उबुंटूच्या आवृत्तीचा आकडा म्हणजे सरळ कॅलेंडर: २४.०४ म्हणजे २०२४चा एप्रिल. सोबत विशेषण आणि प्राणी, दोन्ही एकाच अक्षराने सुरू होणारे. पहिली आवृत्ती ‘वॉर्टी वॉर्टहॉग’, म्हणजे चामखिळ्या रानडुक्कर. अंतराळातून परतलेल्या माणसाने केलेलं बारसं! २०१७मध्ये झेडपर्यंत पोचून गाडी पुन्हा ‘ए’वर आली. सम वर्षांच्या एप्रिलमध्ये येणाऱ्या आवृत्तीला पाच वर्षं मोफत आधार असतो, नवख्याने तीच घ्यावी. २०११पर्यंत उबुंटू नुसतं पत्ता कळवला की पोस्टाने सीडी घरपोच पाठवायचं, टपालखर्चही तेच सोसायचं. आपल्याकडे इंटरनेट कूर्मगतीचं होतं तेव्हा कितीतरी होस्टेलांत लिनक्स पोचलं ते या पाकिटांतून.

मिंट या डिस्ट्रोच्या सगळ्या आवृत्त्यांना ‘आ’कारान्त स्त्रीनामं असतात. पहिली एडा, २००६ची. तेरावी माया, एकोणिसावी तारा. शिवाजी पार्कच्या एखाद्या सोसायटीच्या पाट्या वाचतोय असं वाटावं. (आपल्या संरक्षण मंत्रालयाने २०२३मध्ये उबुंटूवर बेतून जी सिस्टीम आणली तिचंही नाव माया, पण ती वेगळी.) मिंटचा स्वभाव नावांसारखाच सोज्वळ. खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ, विंडोजमधून आलेल्या माणसाला दिशा सापडायला वेळ लागत नाही. मला कुणी एका शब्दात विचारलं तर मी मिंट म्हणतो आणि विषय बदलतो.

फेडोरा ही रेड हॅटच्या पंखाखालची. रेड हॅटचा सहसंस्थापक मार्क ईविंग कॉलेजात असताना आजोबांची लाल टोपी घालून फिरायचा. अडलेल्यांना ‘त्या लाल टोपीवाल्याला विचारा’ असं सांगितलं जायचं. २०१९ साली आयबीएमने ही कंपनी ३४ अब्ज डॉलर मोजून घेतली. फेडोराच्या सतराव्या आवृत्तीचं नाव होतं ‘बीफी मिरॅकल’ आणि बोधचिन्ह होतं हसणारं हॉटडॉग. नवं ते आधी इथे येतं. खुद्द लिनस फेडोराच वापरतो.

मग आर्च. २००२ साली जड विनेने सुरू केलं. आर्च वापरणारा माणूस ओळखायचा कसा? ओळखावा लागत नाही, तो स्वतःच सांगतो, हा इंटरनेटवरचा जुना विनोद. आर्च तुम्हाला जवळजवळ रिकामी खोली देतं, पलंगापासून खिळ्यापर्यंत सगळं तुम्ही लावायचं. पहिल्याच फटक्यात आर्च घ्या असं सांगणारा मित्र हितचिंतक नव्हे. मात्र आर्चचा विकी हा मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातला एक उत्तम ग्रंथ आहे आणि तो मिंटवाल्यालाही तेवढाच उपयोगी पडतो. व्हॉल्व्हचं ‘स्टीम डेक’ हे हातातलं गेमिंग यंत्र आर्चवरच चालतं, म्हणजे कितीतरी पोरं नकळत आर्चवाली झाली आहेत.

जेंटू हे सर्वांत वेगाने पोहणाऱ्या पेंग्विनचं नाव. यातलं सॉफ्टवेअर परंपरेने तुमच्याच मशिनवर सोर्स कोडपासून शिजवायचं असतं. एखादा ब्राउझर शिजेपर्यंत सकाळची दुपार होते, तो वेगवान पेंग्विन तोवर कुठे असतो कोण जाणे.

स्लॅकवेअर १९९३पासून प्रामुख्याने एकट्या पॅट्रिक फॉल्करडिंगच्या खांद्यावर उभं आहे. १४.२ नंतर १५.० यायला साडेपाच वर्षं लागली. वापरणाऱ्यांनी तक्रार केली नाही, ते तसलेच लोक आहेत.

पपी हे बॅरी काउलरच्या कुत्र्यावरून. अख्खी सिस्टीम रॅममध्ये बसते, अगदी थकलेल्या मशिनला पपी हवं. २००९ साली ‘हॅना मोंटॅना लिनक्स’ही आलं होतं, डिस्नेच्या मालिकेतल्या त्या गायिकेच्या गुलाबी थाटात. ते का, हे विचारायचं नसतं.

सैतान, फुगा मासा आणि टोस्टर

बीएसडीवाले मानलेले चुलत भाऊ. यांचं लिनक्सशी रक्ताचं नातं नाही, ते थेट बर्कलीच्या युनिक्सचे वारस. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एटी अँड टीच्या बाजूने कोर्टकचेरी झाली, १९९४पर्यंत ते प्रकरण रेंगाळलं आणि त्या पोकळीत लिनक्स पुढे निघून गेलं. लिनस स्वतः म्हणाला आहे की तेव्हा बीएसडी सहज हाती लागती, तर लिनक्स लिहायला बसलोच नसतो.

फ्रीबीएसडीचं बोधचिन्ह स्निकर घातलेला, त्रिशूळ घेतलेला लाल सैतान, आणि त्याचं गाजलेलं रूप काढलं होतं जॉन लॅसेटरने. म्हणजे पुन्हा पिक्सारच. ‘टॉय स्टोरी’चा दिग्दर्शक हाच. तुम्ही नेटफ्लिक्सवर सिनेमा बघता तेव्हा तो पाठवणारा सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतो. प्लेस्टेशन ४ची सिस्टीमही याच घराण्यातली.

ओपनबीएसडीचा प्राणी म्हणजे काटेरी फुगा मासा. हात लावाल तर टोचेल, एवढा अर्थ पुरे. नुसती इन्स्टॉल करून ठेवलेली आमची सिस्टीम बाहेरून फोडता येतील अशी भोकं इतक्या वर्षांत फक्त दोन सापडली, असं ते मुखपृष्ठावर मिरवतात. संशयी, काटेकोर, भांडकुदळ लोक. पण वर्षानुवर्षं प्रत्येक आवृत्तीबरोबर नवं गाणं आणि चित्र काढायचे. जगभरचे अ‍ॅडमिन दूरच्या सर्व्हरवर ज्या ‘ओपनएसएसएच’मधून शिरतात, तेही यांचंच.

नेटबीएसडीवाल्यांचा दावा असा की आमची सिस्टीम कशावरही चालते. कुणीतरी टोस्टरचं काय म्हणून डिवचलं असेल. २००५मध्ये नेटबीएसडीवर चालणारा टोस्टर खरोखर तयार झाला.

घरच्या एकुलत्या एक लॅपटॉपवर मी बीएसडीची शिफारस करणार नाही, वायफाय रुसण्याची शक्यता बरीच. पण अडगळीतलं दुसरं मशिन असेल तर फ्रीबीएसडीचं हँडबुक उघडून बसावं. सिस्टीम कशी समजावून सांगावी, याचा तो वस्तुपाठ आहे.

आधी चाखा

पेन ड्राइव्हवर डिस्ट्रोची आयएसओ फाइल चढवा, लॅपटॉप त्यावरून सुरू करा, आतली डिस्क जशीच्या तशी राहते. वायफाय, आवाज, स्क्रीनचा उजेड, झोपवलेला लॅपटॉप पुन्हा जागा होतो का, एवढं तपासा. दोन-तीन डिस्ट्रो असे चाखून मग ठरवा. इन्स्टॉल करायच्या आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा आणि विंडोजची बिटलॉकर रिकव्हरी की, म्हणजे कुलूपबंद डिस्कची किल्ली, कागदावर उतरवून ठेवा. ही पायरी गाळणारे नंतर फार हळहळतात.

आयएसओ फाइलचा चेकसम, म्हणजे फाइल अस्सल आहे का हे पडताळायचा आकडा, जुळवणं हे बहुतेकांना सोवळं वाटतं. फेब्रुवारी २०१६मध्ये मिंटची वेबसाइट फोडून चोरदरवाजा बसवलेली आयएसओ फाइल लोकांना दिली गेली होती. खऱ्या चेकसमशी जुळवली असती, तर ती ओळखता आली असती. आणि टर्मिनलवरून, म्हणजे कमांडी टाइप करायच्या खिडकीतून, पेन ड्राइव्ह बनवायच्या ‘डीडी’ कमांडला जाणते लोक डिस्क डिस्ट्रॉयर म्हणतात. चुकीच्या डिस्कचं नाव दिलंत तर ती तीही इमानेइतबारे पुसते.

कमांडी एवढ्या तुटक का बोलतात

पहिल्या दिवशी टर्मिनल उघडलं की पहिला धक्का पासवर्डचा. टाइप करताय, पण पडद्यावर ना तारे ना ठिपके. कीबोर्ड बिघडलेला नाही. बहुतेक ठिकाणी अजून तसंच आहे: मागे उभ्या असलेल्या माणसाला पासवर्ड किती अक्षरी आहे तेही कळू नये. चुकलात तर अ‍ॅडमिनचे अधिकार देणारा ‘सुडो’ पुन्हा विचारतो. सेटिंग बदलून त्याला चुकीच्या पासवर्डवर अपमान करायलाही लावता येतं, ज्यांना घरी तेवढी सोय नाही त्यांच्यासाठी.

पासवर्डवरून आठवलं. युनिक्सच्या जुन्या सोर्स कोडसोबत आद्य मंडळींच्या पासवर्डांची कूटरूपं शिल्लक राहिली होती. २०१९मध्ये उत्साही लोकांनी ते फोडले. सगळ्यांत चिवट निघाला केन थॉम्प्सनचा, ग्राफिक कार्डवर चार दिवसांहून जास्त झुंज दिली त्याने. काय होता? बुद्धिबळाची चाल: वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे. थॉम्प्सनने अभिनंदन कळवलं.

‘एलएस’, ‘सीपी’, ‘एमव्ही’, ‘आरएम’. कमांडी एवढ्या आखूड, कारण त्या जन्मल्या तेव्हा पडदा नव्हता. टेलिटाइप यंत्राच्या जड कळा दाबायच्या आणि ते सेकंदाला दहा अक्षरं या गतीने कागदावर खडखडत छापणार. अशा वेळी ‘डिरेक्टरीतील फाइली दाखव’ असं कोण टाइप करेल? काटकसर एवढी टोकाची की फाइल निर्माण करणाऱ्या ‘क्रिएट’ या कॉलमधलं शेवटचं ‘ई’सुद्धा गाळलं. युनिक्स पुन्हा लिहिलंत तर काय बदलाल, असं विचारल्यावर थॉम्प्सनने सांगितलं होतं, त्यात ते ‘ई’ घालीन.

घाईत ‘एलएस’ऐवजी ‘एसएल’ टाइप होतंच. जपानच्या एका प्रोग्रॅमरने त्यावर उपाय म्हणून ‘एसएल’ नावाचीच कमांड लिहिली. चुकलात की पडद्यावरून धूर सोडत वाफेचं इंजिन जातं, पूर्ण. मध्येच कंट्रोल-सी दाबून थांबत नाही. उभे राहा, गाडी जाऊ द्या.

लांब मजकूर पानापानाने दाखवणारी ‘मोअर’ फक्त पुढे जायची. मागेही जाता येणारी सुधारित कमांड आली, तिचं नाव ‘लेस’. ‘मॅन’ कशी वापरावी हे ‘मॅन मॅन’ टाइप केलं की कळतं. डेबियन घराण्यात सॉफ्टवेअर चढवणाऱ्या ‘एपीटी’ला ‘मू’ सांगितलं की पडद्यावर गाय उभी राहते आणि आज हंबरलात का, म्हणून विचारते. तिची बहीण ‘अ‍ॅप्टिट्यूड’ मात्र गंभीर चेहऱ्याने सांगते, माझ्यात असली काही गंमत नाही. पुन्हा विचारा, जरा जोर देऊन. नाही म्हणते. आणखी जोर दिला की वैतागते, मग गप्प बसा म्हणते आणि शेवटी हार मानून एक चित्र दाखवते. ते टोपीचं आहे की हत्ती गिळलेल्या सापाचं, हे ‘लिटल प्रिन्स’ वाचलेल्यांना सांगायला नको. ज्याने हे शेवटपर्यंत टाइप केलं, तो नकळत कमांडला पर्याय कसे जोडायचे ते शिकला.

एखाद्या बिघडलेल्या फाइलची तारीख १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच अशी दिसली तर दचकू नका. युनिक्सचं घड्याळ त्या दिवशीच्या ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजतं, आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. जुन्या ३२ बिटांच्या मोजणीत हे सेकंद १९ जानेवारी २०३८ला, मंगळवारी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरून सांडतील आणि अशा मशिनला अचानक १९०१ साल लागेल. डेबियनच्या ट्रिक्सीने जवळपास सगळीकडे ६४ बिटांची मोजणी आणून हे प्रकरण आधीच निकालात काढलं आहे. ३२ बिटी प्रोसेसरचा जुना लॅपटॉप मात्र आता ट्रिक्सीच्या इन्स्टॉलरला चालत नाही, त्याला पपीसारखं काहीतरी बघावं लागेल.

मराठीतून

डेबियन इन्स्टॉल होताना पहिल्याच पडद्यावर भाषांच्या यादीत मराठी आहे. रेड हॅटने २००४ साली मुक्त केलेल्या लोहित फॉन्टमालेमुळे देवनागरीच्या जागी चौकोन दिसणं बंद झालं. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड जवळजवळ प्रत्येक डिस्ट्रोत असतो. उच्चारानुसार टाइप करायचं असेल तर ‘एम१७एन’ नावाचं पॅकेज शोधा. मल्टिलिंग्वलायझेशन या अजस्र शब्दात पहिल्या एम आणि शेवटच्या एनच्या मध्ये १७ अक्षरं आहेत, मोजून कंटाळलेल्यांनी ठेवलेलं नाव.

पवईच्या आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प लिनक्स, लिब्रेऑफिस वगैरेंचे छोटे धडे मराठी आवाजातही देतो. बघायचं, थांबवायचं, शेजारच्या खिडकीत स्वतः करायचं. इंग्रजीची भीती हे कारण उरत नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने डेबियनवर बेतलेली ‘बॉस’ ही भारतीय भाषांची सिस्टीम काढली. केरळच्या सरकारी शाळांत तर पोरं पहिल्यापासून लिनक्सच बघतात, त्यांना विंडोज अवघड वाटत असेल. डेबियनची जागतिक परिषद २०२३मध्ये कोचीला भरली, ते उगीच नव्हे.

आणि तुम्ही नवखे नाहीच. खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्स कर्नलवरच चालतो. नोव्हेंबर २०१७पासून जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक झाडून सगळे लिनक्सवर आहेत. २०२१ साली मंगळावर उडालेल्या ‘इंजेन्युइटी’ हेलिकॉप्टरमध्येही तेच होतं.

बाहेर पडायचा रस्ता

शेवटी व्हीआय. बर्कलीच्या बिल जॉयने ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर हा एडिटर लिहिला, त्यावर बाण एच, जे, के, एल या कळांवर छापलेले होते. म्हणून आजही व्हीआयमध्ये कर्सर त्याच कळांनी हलतो. घराच्या फोल्डरसाठी जे नागमोडी चिन्ह वापरतात, तेही त्याच कीबोर्डवर ‘होम’च्या कळीवर होतं. व्हीआयचा सुधारित अवतार व्हिम. तो ब्राम मोलेनारने फुकट दिला आणि पैसे द्यायचेच असतील तर युगांडातल्या मुलांसाठी द्या म्हणाला. हा निरोप व्हिम उघडताच समोर दिसतो. त्यानंतर दिसत नाही तो बाहेर पडायचा रस्ता. ‘व्हिममधून बाहेर कसं पडू?’ हा २०१२ साली इंटरनेटवर विचारला गेलेला प्रश्न २०१७पर्यंत दहा लाख वेळा वाचला गेला होता. कुठलीतरी सेटिंग फाइल उघडायला जाल आणि तुम्हीही कधीतरी अडकालच, तेव्हा लिहून ठेवा: एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर.